बाबांना अमेरिकेत बबेसिया झालाय, ठाण्याला परत आल्यावर काय बघायचं?

घोडबंदरची_लेक:
बाबा जूनपासून दादाकडे कनेक्टिकटला आहेत. मध्येच थंडी वाजून ताप, लघवी गडद, शेवटी ॲडमिट केलं तर डॉक्टर म्हणाले गोचीड चावून बबेसिया झालाय, लाल पेशींत परजीवी दिसले. दादाकडचे सगळे त्याच अंगणात बसतात, कोणाला काही नाही, मग बाबांनाच का? त्यांची प्लीहा जुन्या ॲक्सिडेंटमध्ये काढलीये त्याचा संबंध असेल का? आणि इथे आल्यावर घरात कोणाला लागेल का, आमच्याकडे कुत्रा पण आहे.

वाशी_लॅबवाला:
ताई, प्लीहेचा संबंध आहेच. बिघडलेल्या लाल पेशी गाळायचं काम तीच करते, ती नसली की परजीवी भराभर वाढतात. माणसातली पहिली नोंदलेली केस १९५७ ची, युगोस्लाव्हियातली, तो पेशंटही प्लीहा काढलेलाच होता. १९६९ ला अमेरिकेतल्या नँटकेट बेटावर प्लीहा शाबूत असलेल्या बाईला झाला तेव्हा कळलं की कोणालाही होऊ शकतो, पण धडधाकट माणसाला बरेचदा लक्षणंच येत नाहीत, त्यामुळे दादाकडे कोणाला झालाच नसेल असंही छातीठोक सांगता येणार नाही. हॉस्पिटलात दिसतात ते मुख्यतः पन्नाशीपुढचे, प्लीहा नसलेले, कॅन्सर किंवा एचआयव्हीवाले, म्हणजे ॲडमिट पेशंटच्या आकड्यांवरून आजार कोणाला जड जातो ते कळतं, गोचीड किती जणांना चावली ते नाही.

येऊरच्या_वाटेवर:
माणसाकडून माणसाला घरात लागत नाही, जेवणखाण सगळं एकत्र करा. रक्त दिलं तर मात्र जाऊ शकतो म्हणून बाबांनी रक्तदान नको. तिकडची ती काळ्या पायांची गोचीड आपल्याकडे नसते, ती उंदरांकडून परजीवी घेते. कुत्र्यांना इथे बबेसिया होतो पण तो वेगळ्या जातीचा, तरी गोचिडी काढत जाच.

घोडबंदरची_लेक:
खूप आभार, जीवात जीव आला. इथे आल्यावर परत ताप आला तर?

वाशी_लॅबवाला:
हे सगळ्यात महत्त्वाचं. ठाण्यात ताप म्हटलं की मलेरिया-डेंग्यूच डोक्यात येतो आणि स्लाइडवर लाल पेशींतल्या बबेसियाच्या रिंगा अगदी फाल्सिपेरम मलेरियासारख्या दिसतात, चार परजीवी जुळून झालेले क्रॉस दिसले तर ओळख पटते पण ते दरवेळी सापडत नाहीत, शिवाय मलेरियाचं रॅपिड टेस्ट कार्ड बहुतेक निगेटिव्ह येतं. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत हा आजार बरा होऊन परत उलटूही शकतो. तेव्हा डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, कनेक्टिकटहून आलेत, बबेसिया झाला होता, प्लीहा नाही. प्लीहा नसताना दुसरं इन्फेक्शनही झपाट्याने वाढतं, त्यामुळे सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच कॅज्युअल्टीला न्या. दादाला डिस्चार्ज समरी आणि बबेसियावरचं औषध अ‍ॅटोव्हाक्वोन-अ‍ॅझिथ्रोमायसिन किती दिवस दिलं ते लिहून आणायला सांगा.