एअर बेअरिंग टर्नटेबल नागपुरात: शौक का डोक्याला ताप?

धंतोलीकर: परवा एक मित्र घरी आला, माझं मशीन (रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल) पाहून म्हणे तू गाणे ऐकून राहिला का पंप सांभाळून राहिला बे? तेव्हापासून डोक्यात आहे. माझं मत सरळ आहे, ज्याला रेकॉर्ड शेवटपर्यंत नीट ऐकायची त्याने हेच घ्यावं. रेकॉर्ड ठेवायची थाळी पंपाने सोडलेल्या हवेच्या पातळ थरावर तरंगते, धातूला धातू लागतच नाही, आणि माझ्यात आर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, तोपण हवेवरच सरळ रेषेत आत सरकतो, रेकॉर्ड कापणाऱ्या लेथचा कटर सरकतो तसाच. साधा आर्म एका टोकाला फिरतो म्हणून सुईचा कोन अख्ख्या साइडमध्ये 2 च जागी बरोबर बसतो. शेवटची पाच मिनिटं, द्रुत रंगात येते नेमकी तिथेच आवाज फाटतो. माझ्याकडे नाही फाटत.

इतवारीचा_गडी: कोनाचं पटलं भाऊ. पण आपल्या जुन्या रेकॉर्डीचं भोक कधी मधोमध असते का? 33⅓ ने फिरली म्हणजे 1.8 सेकंदाला एक फेरी, दर फेरीला तुझा अख्खा आर्म डावीउजवीकडे ओढायचा कोणी, तर त्या बिचाऱ्या सुईनं. खुंटीवरच्या आर्मला बाजूला हलताना एवढं वजन नाही ओढावं लागत. हे कोणी सांगत नाही.

धंतोलीकर: खरं आहे. म्हणून मी तसल्या रेकॉर्डीचं भोक जरासं मोठं करून हाताने सेंटर करतो.

इतवारीचा_गडी: आता रेकॉर्डी खरवडून राहिला हा 😂

खसताटी: आमच्या घरी होतं हे, विकलं एकदाचं. पंपाची घरघर नको म्हणून यांनी तो बाथरूममध्ये ठेवला आणि लांब पाइप हॉलपर्यंत आणला, आता बाथरूममधली दमट हवा दाबून पुढे थंड झाली की पाणी सुटणारच ना. ऑगस्टात पारदर्शक पाइपमध्ये थेंब दिसायचे, एकामागे एक सरकत यायचे, मग आर्म अडला आणि तीच तान पाच वेळा. उन्हाळ्यात त्याच खोलीत कूलर, म्हणजे तेव्हाही ओल. वर लाइट गेली की पंप बंद, थाळी फिरत फिरतच खाली टेकायची. तो खर्र आवाज मला अजून आठवतो.

धंतोलीकर: ताई, पंपाला इन्व्हर्टर हवाच, आणि चालू करताना आधी पंप मग मोटर, बंद करताना उलटं. मधे हवेची टाकी, पाणी अडवायचा फिल्टर, ओल शोषणारी सिलिका जेल. आर्मची दांडी मी दर रविवारी आयसोप्रोपिलने पुसतो, रोंवा न सुटणाऱ्या कापडाने, नाहीतर एक कापसाचा तंतू अडकला की खेळ खल्लास. लेव्हल पण बघतो, जराशी उतरती असली तर आर्म आपोआप घसरते. वीस मिनिटं जातात, जाऊ द्या ना.

इतवारीचा_गडी: माझ्या साध्या बेअरिंगला वर्षातून तेलाचे दोन थेंब. तुझ्या वीस मिनिटांत माझी एक साइड ऐकून होते. बरं, सिलिका किती दिवस टिकते?

धंतोलीकर: पावसाळ्यात आठवड्यात निळीची गुलाबी होते. मग कढईत परतून घेतो, परत निळी.

खसताटी: कोणत्या कढईत?? तर्रीच्या?

धंतोलीकर: नाही हो, वेगळी ठेवली आहे. त्या निळ्या रंगात कोबाल्ट असतं, पोटात जायला नको.