जागरणानंतर डोळे उलट मंदावतात
काही जण म्हणतात की गाढ झोप बुडाली की पुढच्या रात्री स्वप्नझोपेत (म्हणजे रेम झोपेत) डोळे जास्त भिरभिरतात. होतं नेमकं उलटं. जागरणानंतर मेंदू आधी गाढ झोपेची उधारी वसूल करतो आणि रेम झोप लागली तरी दर मिनिटाला होणाऱ्या डोळ्यांच्या हालचाली नेहमीपेक्षा कमी भरतात. एरवीही रात्रीची पहिली रेम जेमतेम १० मिनिटांची, हालचाल तुरळक. पहाटे मात्र मिटल्या पापणीखाली बुबुळाचा उंचवटा सरसर सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसतो (बघा, पण उठवू नका!). १९५३ साली असेरिन्स्की आणि क्लाइटमन या झोपेच्या अभ्यासकांनी नोंदवल्या त्या याच हालचाली. झोप मोजणारा मनगटावरचा पट्टा रेमची मिनिटं सांगतो, बुबुळं किती फिरली ते नाही.