ब्लॅकबेरीची वाइन घरी, कमीत कमी खर्चात. कोणी केलीये का?

तिरफळ:
मंडळी, आम्ही इंग्लंडात लेस्टरजवळ राहतो. घरामागे जुना कालवा आहे आणि त्याच्या कडेने ब्लॅकबेरीच्या जाळ्याच जाळ्या, ऑगस्टपासून नुसत्या लगडल्यात, आपल्या करवंदांसारखं तोडताना हात ओरबाडून निघतात पण सुटत नाही मोह. जॅम करून झाला, वाटून झाला, फ्रीझर भरला. शेजारचे आजोबा म्हणाले वाइन कर की. यूट्यूब उघडलं तर जो तो मोठमोठी किटं घ्यायला सांगतोय, पहिल्याच खेपेला एवढे पैसे घालायची माझी अजिबात तयारी नाही. घरात झाकणाची प्लास्टिकची बादली आहे, ब्रेडचं यीस्ट आहे, साखर आहे. एवढ्यात भागेल का? आणि नवरा म्हणतो घरची दारू पिऊन माणसं आंधळी होतात, त्याला काय सांगू? शिवाय हे इथे कायद्यात बसतं ना?

मुरंबा:
बसतं. यूकेत स्वतःच्या घरी पिण्यापुरती वाइन करायला लायसन्स लागत नाही, ड्यूटीही नाही. विकायची मात्र नाही, आणि भट्टी लावून गाळायची तर बिलकुल नाही, तो वेगळा गुन्हा. रानातली फळं घरच्यासाठी तोडणं ही चोरी नाही हेही तिथल्या १९६८ च्या चोरीच्या कायद्यात सरळ लिहिलंय, त्यामुळे कालव्यावर बिनधास्त जा, फक्त गुडघ्याच्या वरची फळं घ्या, लोक कुत्री फिरवतात तिकडे.

आता खर्चाचं. बादली चालेल पण फूड ग्रेड आहे का बघा, रंगाची किंवा फिनेलची जुनी बादली कितीही घासली तरी नको. ब्रेडच्या यीस्टने वाइन होते, नाही असं नाही, पण गाळ नीट खाली बसत नाही, वासही पावासारखा येतो. वाइन यीस्टचं ५ ग्रॅमचं पाकीट अगदी किरकोळ पैशात मिळतं, तिथे कंजूषी कशाला. काचेचा साडेचार लिटरचा बुधला, त्याला तिकडे डेमीजॉन म्हणतात, तो नवा घेऊच नका. चॅरिटी शॉपमध्ये विचारा, नाहीतर त्या आजोबांनाच विचारा, त्या पिढीच्या निम्म्या लोकांच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडलेला असतो.

साडेचार लिटरला दीड किलो फळ आणि साधारण ९०० ग्रॅम साखर. फ्रीझरमधली फळं आधी वापरा, गोठून फुटलेली असतात त्यामुळे रस भराभर सुटतो. बादलीत फळं चेचून घ्या, साखर घाला, वरून उकळतं पाणी ओता, म्हणजे फळावरचे जंगली यीस्ट बरेचसे मरतात. पूर्ण गार झालं की पेक्टिन (फळातला जॅम घट्ट करणारा पदार्थ, त्यानेच वाइन गढूळ राहते) मोडणारं एन्झाइम चमचाभर (गरम असताना घातलंत तर वाया), मग यीस्ट. वर स्वच्छ पंचा बांधा. पाचसहा दिवस रोज दोनदा ढवळायचं, फळांचा चोथा वर येऊन टोपीसारखा बसतो तो खाली दाबायचा, नाहीतर वरचा भाग कोरडा पडून त्यावर बुरशी धरते. मग मलमलीतून गाळून बुधल्यात, फार पिळू नका, गढूळ होते. एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारं पण हवा आत न येऊ देणारं बूच) घ्यायचा नसेल तर तोंडावर फुगा, त्याला टाचणीने एक भोक. फुगा ताठ उभा आहे तोवर आत काम चालू आहे.

पुढे फक्त धीर. महिना दीड महिन्याने खाली गाळाचा थर बसतो, नळीने वरचं वरचं दुसऱ्या भांड्यात काढून, बुधला धुवून पुन्हा त्यात. गळ्यापर्यंत भरलेला ठेवा, हवा लागली की व्हिनेगरकडे जाते. पुढच्या उन्हाळ्याआधी चाखायला जाऊ नका, जाणारच म्हणा तुम्ही.

उगाचच:
एवढा कुटाणा कशाला? माझी पद्धत: सुपरमार्केटचा द्राक्षाचा किंवा सफरचंदाचा रस, थोडी साखर, यीस्ट, फुगा, संपलं. गाळणं नाही की चेचणं नाही. फक्त लेबल वाचायचं, पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट (रस टिकवायची रसायनं) लिहिलं असेल तर यीस्ट उठतच नाही, नुसतं पाश्चराइज्ड असेल तर चालतं. आणि हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत रस किती जड आहे, म्हणजे साखर किती उरली, ते दाखवणारी तरंगती नळी) वगैरे चोचले नकोत, बुडबुडे थांबले की भरा बाटल्यांत.

मुरंबा:
@उगाचच रसाचं बरोबर, शेवटच्या वाक्याला कडकडीत विरोध. बुडबुडे थंडीनेही थांबतात. ऑक्टोबरात घर गार पडलं की यीस्ट झोपतं, तुम्ही खुशाल बुचं मारता आणि एप्रिलात ते जागं झालं की कपाटात काचेची बाटली फुटते. काचेचे तुकडे उडतात हो, गंमत नाही. तिरफळताई, काही विकत घ्यायचंच असेल तर हायड्रोमीटर घ्या. सुरुवातीला १.०८० ते १.०८५ च्या आसपास दाखवेल, संपल्यावर १.००० च्या खाली, बहुतेक ०.९९५ च्या आगेमागे. दोन आठवडे आकडा हलला नाही की मगच बाटल्या. दोन आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी निघते, तुमची साधारण ११-१२ ला जाईल.

रसायनवाला:
नवरोबांच्या शंकेबद्दल. ती मिथेनॉलची, म्हणजे डोळे घालवणाऱ्या विषारी अल्कोहोलची भीती आहे आणि ती कुठून आली ते आपल्याला माहीत आहे. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली, पण ते फळ आंबवल्यामुळे नाही. दारूत कारखान्यातलं मिथेनॉल मिसळून विकलं होतं. फळांतल्या पेक्टिनमधून थोडं मिथेनॉल सुटतं हे खरं, साध्या फळांच्या रसातही ते असतं, पण वाइनमध्ये ते इतकं कमी की त्याआधी साध्या अल्कोहोलनेच माणूस आडवा होईल. ऊर्ध्वपातन केलं तर गोष्ट वेगळी, ते करायचंच नाहीये.

तुम्हाला खरी काळजी करायची ती स्वच्छतेची. साबणाने धुणं वेगळं आणि निर्जंतुक करणं वेगळं. बाळाच्या बाटल्यांसाठी मिळणारं स्टरिलायझर चालतं, नंतर उकळून गार केलेल्या पाण्याने नीट विसळा. वर केसाळ बुरशी दिसली किंवा नेलपॉलिशसारखा वास आला तर हळहळ न करता ओतून द्या. कॅम्पडनच्या गोळ्या (जंतू मारायला वाइनमध्ये घालतात त्या सल्फाइटच्या गोळ्या) वापरणार असाल आणि घरात कोणाला दमा असेल तर आधी त्यांना सांगा, सल्फाइटचा त्रास होतो काहींना.

कोयनाकाठ:
वाचून हात शिवशिवायला लागले. आमच्या पाटणकडे जूनमध्ये जांभळं पायदळी जातात, हीच कृती जांभळाला चालेल ना?

मुरंबा:
कृती चालेल, कायदा नाही चालणार. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हाच आहे, घरच्यासाठी केली म्हणून सूट नाही. भावाला इंग्लंडला पाठवा आणि त्याच्याकडून मागवा 😀 जांभळाचं सरबत करा तोवर.

न्यूजर्सीकर:
अमेरिकेतल्यांसाठी जाता जाता: फेडरल नियमाने घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० पर्यंत वाइन चालते. राज्याचे, गावाचे नियम वेगळे असू शकतात ते बघून घ्या. २०० गॅलन कोण पितं देव जाणे.

तिरफळ:
धन्यवाद सगळ्यांना! आजोबांना विचारलं, मुरंबा म्हणाले तसंच, गॅरेजमधून दोन डेमीजॉन आणि एअरलॉक फुकटात दिले, वर दम दिला की २९ सप्टेंबरनंतर फळ तोडू नकोस, मायकेलमसला (त्या दिवशीचा ख्रिस्ती सण) सैतान त्यावर थुंकतो म्हणे. यीस्ट आणि हायड्रोमीटर मागवलाय. आता एकच, नवऱ्याला गोड लागते आणि तुमच्या हिशोबाने ही कोरडी, म्हणजे अजिबात गोड नसलेली होणार. शेवटी साखर घातली तर?

मुरंबा:
नुसती साखर घातलीत तर उरलेलं यीस्ट पुन्हा खायला लागेल, परत बाटलीबाँब. आधी वाइन स्वच्छ निवळू द्या, गाळावरून काढा, मग पोटॅशियम सॉर्बेट आणि कॅम्पडन दोन्ही एकत्र, एकट्या सॉर्बेटने काम होत नाही. दोनतीन दिवसांनी साखरेचा पाक चवीप्रमाणे. किंवा सोप्पं, कोरडीच भरा आणि नवऱ्याच्या ग्लासात लेमोनेड ओता.