आयजीच्या इंजिनावर बायजी उदार : एफवनमधल्या पाट्या

घाटवळण

2026पासूनची एफवनची, म्हणजे फॉर्म्युला वन शर्यतींमधल्या संघांची यादी बघा. अल्पीन हा रेनोचा संघ, पण इंजिन मर्सिडीजचं. कॅडिलॅक जनरल मोटर्सची, पण इंजिन फेरारीचं. स्वतःचं येणार 2029च्या सुमारास. या दोघांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पैसे मोजले, इंजिन घेतलं, कुणाचं ते निकालात लिहिलं, विषय संपला.

माझं भांडण आहे ते इंजिनावरची बनवणाऱ्याची मूळ पाटी काढून दुसऱ्याची ठोकण्याशी. 2015 आठवा. ज्या रेनोच्या जोरावर रेड बुल संघाने 2010 ते 2013 सलग चार वर्षं चालकांचं आणि संघांचं (कन्स्ट्रक्टर्स) अशी दोन्ही विजेतेपदं मारली, त्याच रेनोला हायब्रिड इंजिन मागे पडल्यावर चारचौघांत धुतलं. मग मर्सिडीजकडे गेले, नकार. फेरारीही चालू वर्षाचं इंजिन द्यायला तयार नाही. होंडाची वाट, तेव्हा होंडाचं इंजिन वापरणाऱ्या मॅक्लारेन संघाच्या रॉन डेनिसनी अडवली. फिरून परत रेनोच्याच दारात, पण गाडीवर रेनोचं नाव मात्र नको! म्हणून 2016 ते 2018 पाटी टॅग होयरची. म्हणजे घड्याळवाल्यांची.

त्या तीन मोसमांत रेड बुलने 9 शर्यती जिंकल्या. नोंदी चाळा, रेनोच्या नावाने 2014च्या बेल्जियमनंतर थेट 2021चं हंगेरी येतं, अल्पीनच्या ओकोंचं. मधल्या नऊ घड्याळाच्या खात्यावर. 2018चं मोनाको तर डोळ्यांपुढून जात नाही. रेड बुलचा रिकार्डो पुढे, मागे फेरारीचा फेटेल, आणि रिकार्डोच्या गाडीचं एमजीयू-के, म्हणजे ब्रेक मारताना वीज साठवून नंतर जोर देणारं यंत्र, मेलं. साधारण 160 अश्वशक्ती गुल. त्या यंत्राकडून मागच्या चाकांना मिळणारं ब्रेकिंग गेलं, म्हणून ब्रेकचा भार पुढे सरकवायचा, वरचे गिअर विसरायचे, आणि तशा अवस्थेत उरलेली सगळी शर्यत काढायची. पठ्ठ्याने काढली. आता सांगा, बंद पडलेलं यंत्र कुणाचं? सगळे म्हणाले रेनोचं. जिंकलेलं इंजिन कुणाचं? टॅग होयरचं. हा कुठला न्याय?

गाडीवर हवं ते रंगवा. पण निकालाच्या नोंदीत बनवणाऱ्याचं नाव हवं.

पुणेरी पिस्टन

साफ असहमत. इंजिन बनवणारा त्याला जे नाव देईल तेच त्याचं नाव, असं नियमच सांगतो. रेनोने सही केली, पैसे घेतले. विकणारा राजी, घेणारा राजी, मधे आपण कोण?

आणि एवढा राग असेल तर सुरुवात 1967पासून करा. कॉसवर्थ कंपनीचं डीएफव्ही इंजिन. डोकं कीथ डकवर्थचं, कारखाना नॉर्थॅम्प्टनचा, फोर्डने दिले एक लाख पौंड आणि झडपांच्या झाकणावर स्वतःचं नाव घातलं. नेदरलंड्समधल्या झांडफोर्टला जिम क्लार्कने पहिल्याच शर्यतीत जिंकून दिलं आणि पुढे ते 155 शर्यती जिंकलं. तेव्हा कुणी गळा काढला नाही.

1984 ते 86 सलग तीन वर्षं चालकांचं विजेतेपद, एकदा लाउडा, दोनदा प्रोस्ट, इंजिनावर पाटी टॅगची. बनवलं पोर्शेने. मॅक्लारेनने हवं तसं करून घेतलं, ओजेह यांच्या टॅग कंपनीने बिल भरलं. (गंमत म्हणजे याच टॅगने 1985मध्ये होयर ही घड्याळ कंपनी घेतली. तुमचं 2016चं घड्याळ इंजिनाच्या झाकणावर आलेलं नवखं पाहुणं नव्हे, त्याच्या नावातला अर्धा भाग आधी येऊन गेलेला.)

तिरकस तात्या

तुम्ही दोघे फारच सभ्य उदाहरणं देताय. आमच्या काळात प्रोस्टच्या संघाच्या गाडीत एसरचं इंजिन असायचं. हो, तेच कॉम्प्युटरवाले, 2001 साली. आत फेरारी. साउबर संघात 1997 ते 2005 पेट्रोनास या तेल कंपनीचं इंजिन, आत तीच फेरारी. बेनेटनमध्ये प्लेलाइफचं, म्हणजे त्यांच्याच कपड्यांचा एक ब्रँड, आत रेनोचं जुनं व्ही10. अ‍ॅरोजकडे मेगाट्रॉन, आत बीएमडब्ल्यूचा टर्बो. मला तर वाटायचं पुढच्या वर्षी लोणच्याचं इंजिन येतंय.

घाटवळण

@पिस्टन, डीएफव्ही आणि टॅग-पोर्शे माझ्या बाजूची उदाहरणं आहेत, तुमच्या नाही. फोर्डचे लाख पौंड नसते तर डीएफव्ही जन्मलंच नसतं. टॅगचे पैसे नसते तर पोर्शेने ते व्ही6 कागदावरही काढलं नसतं. ज्याने जन्माचा खर्च केला त्याचं नाव लागलं, ठीकच आहे. टॅग होयरने रेनोच्या इंजिनाच्या जन्मात काय घातलं? पाटीचं भाडं.

2022 तर याहून वरताण. रेड बुलने 17 शर्यती जिंकल्या, दोन्ही विजेतेपदं घेतली, नोंदीत इंजिन ‘आरबीपीटी’, म्हणजे रेड बुल पॉवरट्रेन्स. ते इंजिन जपानमध्ये साकुराला होंडाच्या माणसांनी बनवलेलं. मिल्टन कीन्सच्या रेड बुलच्या नव्या कारखान्याचं स्वतःचं इंजिन तेव्हा एकाही शर्यतीत धावलेलं नव्हतं.

बोनेटखाली

मला वाटतं दोघेही पाटीकडे बघताय आणि तिच्यातून पैसा कुठे जातो ते सुटतंय.

इल्मॉर घ्या. इंग्लंडमधल्या ब्रिक्सवर्थची इंजिनं बनवणारी छोटी कंपनी. 1993च्या काळ्या साउबरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘कॉन्सेप्ट बाय मर्सिडीज-बेंझ’ एवढंच होतं, इंजिनाची नोंद इल्मॉर. 1994ला उघड मर्सिडीज. 1995पासून मॅक्लारेन-मर्सिडीज. ते इंजिन ब्रिक्सवर्थचंच, मर्सिडीजच्या स्टुटगार्टचं नव्हे. म्हणजे तुमच्या हिशेबाने खोटी पाटी. पण त्या पाटीमागून पैसा आला, कंपनी हळूहळू मर्सिडीजची झाली, आणि त्याच गावातल्या इंजिनांवर 2014 ते 2021 सलग आठ कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदं आली.

आता उलट बाजू. व्हिरी-शातियों, रेनोचा फ्रान्समधला इंजिन कारखाना. 1977मध्ये एफवनला पहिला टर्बो देणारी रेनो. इंजिन पुरवठादार म्हणून 12 कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदं. पाटी खरी, कारखाना खरा. 2024च्या इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीला व्हिरीच्या कामगारांनी निषेध केला, तरी सप्टेंबर संपता संपता वरून निर्णय आला की 2026साठी इंजिन बनवायचं नाही. स्वतः बनवण्यापेक्षा मर्सिडीजकडून घेणं स्वस्त. विकत घेतलेल्या इंजिनाला इथे सगळ्यांनी ‘काही तक्रार नाही’ म्हणून सोडून दिलंय. माझी खरी तक्रार तिथेच आहे. टॅग होयरची पाटी लागली त्या तीन वर्षांत व्हिरीत इंजिनं बनत तरी होती.

कुलाबा लोकल

थोडं एफवनबाहेर. फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतींत 2023 आणि 2024 या दोन मोसमांत एबीटी कुप्रा संघाच्या गाड्यांना पॉवरट्रेन (चाकं फिरवणारी मोटर वगैरे) आपल्या मुंबईच्या महिंद्राच्या संघाची. लोकांना दिसायचं ते कुप्रा. फेब्रुवारी 2023मध्ये हैदराबादनंतरची शर्यत केप टाउनला. तिथे मागच्या सस्पेन्शनची खात्री वाटेना म्हणून महिंद्राने आपल्या दोन्ही गाड्या काढून घेतल्या, आणि सोबत एबीटीच्या दोन्हीही गेल्या. भाग एकाच घरचे, दुसरं काय होणार? माझ्या बाजूला बसून बघणाऱ्या भावाला कळेचना की कुप्राने काय पाप केलंय.

श्रेय कुणाला हा वाद तुम्ही घाला. मला जबाबदारी कुणाची ते पडद्यावर दिसलं पाहिजे. तेवढ्यापुरती मी घाटवळण यांच्या बाजूने.

पुणेरी पिस्टन

जबाबदारी संघवाल्यांना आणि पंचांना बरोबर माहीत असते हो, पडद्यावरची पाटी वाचून कुणी तपासणी करत नाही.

@घाटवळण, तुमचं 2022चं उदाहरण नीट बघा. 2021 संपताना एफवन सोडणार हे होंडानेच आधी जाहीर केलं होतं. पैसा आणि माणसं कार्बनमुक्तीच्या कामाकडे वळवायची होती. नाव काढायला होंडाच तयार होती. मग जपानमधल्या सुझुकाच्या शर्यतीला गाडीवर होंडाची अक्षरं परत आली, 2023ला ‘होंडा आरबीपीटी’ झालं, आणि आता ते अ‍ॅस्टन मार्टिनकडे आहेत. ज्याचं इंजिन तो कुरकुरत नाही, आणि तुम्ही त्याच्यावर नाव लादणार?

घाटवळण

होंडा खुश असेल, रेनोही खुश असेल. मी त्यांची वकिली करत नाहीये. वीस वर्षांनी कुणी नोंदी उघडल्या तर त्याला 2022चं इंजिन कुठे बनलं ते कळायला हवं. निकालात एक रकाना वाढवा : ‘निर्माता’. बाकी पाट्या जशाच्या तशा राहू द्या.

पुणेरी पिस्टन

वाढवा. 2026च्या रेड बुलपुढे काय लिहिणार? पाटीवर रेड बुल आणि फोर्ड दोघे. कारखाना रेड बुलचा. माणसं कित्येक मर्सिडीजच्या ब्रिक्सवर्थहून उचललेली. विजेच्या बाजूला फोर्डची मदत.

घाटवळण

सोपं आहे. रेड बुल. ज्याच्या कारखान्यात इंजिन जुळलं त्याचं.

तिरकस तात्या

सकाळी खर्च करणाऱ्याचं होतं, आता कारखानेवाल्याचं झालं?

पुणेरी पिस्टन

तेच म्हणतोय मी तात्या. मग त्याच रकान्यात 1967पासून कॉसवर्थ लिहा, आणि फोर्डच्या 155 विजयांचं काय करायचं ते आधी ठरवा.