४५ मिमी प्लेट कापून घ्यायची आहे: गॅस, प्लाझ्मा की वॉटरजेट?

शिरोली_जॉबवर्क

आयएस २०६२ ई२५० (साधं माइल्ड स्टील) मध्ये दोन आयटम आहेत.

रिंग: ओडी (बाहेरचा व्यास) ६२०, आयडी (आतला व्यास) ३८०, जाडी ४०, ५०० पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) २६ मिमीची १२ भोकं. ४ नग.
बेस प्लेट: ९०० × ६०० × ४०, चार कोपऱ्यांना एम२४ टॅपिंग (२४ मिमी बोल्टसाठी आटे). २ नग.

जाडी ४० फिनिश पाहिजे, म्हणजे दोन्ही फेस (सपाट बाजू) मशीन होणार. रिंगची ओडी-आयडी लेथवर टर्न होईल. बेस प्लेटच्या कडा मात्र कापलेल्या तशाच राहतील, फक्त ग्राइंडर फिरवायचा. एक कटिंगवाला गॅस म्हणतो, दुसरा म्हणतो प्लाझ्मा घ्या, भोकंसुद्धा त्यातच मारून देतो. तिसऱ्याकडे वॉटरजेट आहे, पण त्याचा दर गॅसच्या कैक पट. काय करावं?

पग_ते_सीएनसी

गॅस. तेसुद्धा सीएनसी प्रोफाइल मशीनवर, हातातल्या टॉर्चनं नाही. बेस प्लेटच्या सरळ कडा पग मशीननंही (रुळावर चालणारी टॉर्चची छोटी गाडी) चांगल्या येतात, रिंगला मात्र सीएनसीच.

आधी प्लेटची जाडी. ४० ची प्लेट घेऊन ४० फिनिश कधीच निघत नाही. ४० च्या पुढची बाजारात मिळणारी जाडी ४५, तीच घ्या. फेसला अडीच-अडीच मिमी मिळतं. प्लेट लाटतानाचा थोडा बाक असतो, गंजाची खपली असते, त्यात ते संपतं.

रिंग ६३० / ३७० कापायला सांगा, म्हणजे बाजूला ५ मिमी. हे उधळपट्टी वाटेल, पण ४५ मिमीत कड एक-दीड मिमी तिरकी येऊ शकते, आणि गॅसच्या कडेला वरचा थर कडक झालेला असतो. टर्निंगचा पहिलाच कट त्या थराच्या खालून गेला पाहिजे. टूल थराच्या पातळीवर घासत राहिलं तर इन्सर्टची (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याची) धार जाते आणि ऑपरेटर प्लेटला शिव्या देतो.

वॉटरजेटनं कड गरम होत नाही, हे खरं. पण तुमच्या रिंगची बाहेरची आणि आतली मिळून कापायची लांबी सुमारे ३.१४ मीटर. गॅसवर मिनिटाला ३०० ते ३५० मिमी धरा, म्हणजे दहाएक मिनिटं. वॉटरजेट या जाडीत मिनिटाला साधारण २५ ते ३५ मिमी चालतो, म्हणजे एका रिंगला पावणेदोन तास. एवढे पैसे देऊन ती सुंदर कड तुम्ही लेथवर उडवून टाकणार. स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम असतं तर गोष्ट वेगळी, तिथे गॅस चालतच नाही.

नोझल_नंबर_दोन

वरच्याशी सहमत. भोकांबद्दल मात्र जोरात सांगतो: २६ मिमीची भोकं कोणाकडूनही कापून घेऊ नका. ४५ मिमी जाडीत २६ चं भोक म्हणजे जाडीच्या निम्म्याहून थोडं मोठं. गॅस असो की प्लाझ्मा, भोकाचा व्यास निदान जाडीएवढा असावा. नाहीतर वर गोल, खाली भोपळा. बोल्ट वरून शिरतो आणि मध्येच अडतो. एम२४ चं तर विचारूच नका, कडक कडेत टॅप मोडला की तो काढायला प्लेटच्या किमतीचं काम लागतं. दोन्ही ड्रिलच.

काही कटिंगवाले 'सेंटर पंच मारून देतो' म्हणतात. तुमच्या कामात ते फुकट जाईल. फेसवरून अडीच मिमी निघणार, त्याबरोबर पंचही निघणार. मार्किंग मशिनिंगनंतर.

प्लाझ्माला सरसकट वाईट म्हणणार नाही. १० ते २५ मिमीत चांगल्या एचडी (हाय डेफिनिशन) मशीनचं काम गॅसपेक्षा कितीतरी वेगात आणि प्लेट कमी वाकवून होतं. ४५ ला त्याचा फायदा उरत नाही: पिअर्सिंग (कट सुरू करायला प्लेट आरपार भेदणं) जड जातं, कड तिरकी येते, आणि एअर प्लाझ्मा असेल तर कडेत नायट्रोजन मुरतो. त्या कडेवर वेल्डिंग केलंत तर पोरॉसिटी (वेल्डमध्ये बारीक पोकळ्या) येते. अर्धा मिमी ग्राइंड करून मगच वेल्ड.

शिरोली_जॉबवर्क

धन्यवाद, गॅसच ठरलं. दोन शंका. कोटेशन किलोवर आहे, त्यात नक्की काय धरतात? आणि याच ऑर्डरमध्ये ईएन८ (मध्यम कार्बनचं पोलाद) चे २५० × २०० × ६० चे ६ ब्लॉक आहेत, तेही त्याच मशीनवर कापून घ्यावेत का?

नेस्टिंग_वाला

किलोची गंमत बघा. ४५ मिमी प्लेटचं वजन चौरस मीटरला ३५३ किलो. ६३० च्या रिंगसाठी ६४० चा चौरस लागतो, त्याचे साधारण १४५ किलो. हातात येणारी कापलेली रिंग ७२ किलोची. आतून निघणारी ३६४ व्यासाची चकती जवळजवळ ३७ किलोची. काही जण चौरसाचं बिल लावतात आणि चकतीही ठेवून घेतात. म्हणून कोटेशनवर तीन गोष्टी लिहून घ्या: वजन चौकटीचं की नगाचं, चकती आणि उरलेले तुकडे कोणाचे, आणि दर मटेरियलसह की फक्त कटिंगचा. चकती परत घ्याच, त्यात पुढच्या कामाची फ्लँज निघते.

डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) १:१ मध्ये, मिलिमीटरमध्ये, कापायचाच साइझ काढून द्या. कर्फ (कापात जाणारी रुंदी) मशीन धरतं, तुम्ही धरू नका. दोघांनीही धरला की रिंग ३ मिमीनं चुकते. लाइनवर लाइन असेल तर टॉर्च एकाच जागी दोनदा फिरतो. आणि पिअर्सिंग स्क्रॅपच्या बाजूला, कडेपासून १५-२० मिमी लांब घ्यायला सांगा. ४५ मिमीला तिथे खड्डाच पडतो.

मिल टेस्ट सर्टिफिकेटवरचा (पोलाद कारखान्याच्या तपासणी दाखल्यावरचा) हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या घाण्याचा नंबर, प्लेटवर पंच केलेला आहे का, तो कापायच्या आधी बघा. कापल्यावर बघून उपयोग नाही.

पग_ते_सीएनसी

ईएन८ गॅसवर नको. ०.४० टक्क्यांच्या आसपास कार्बन, गार प्लेटवर कापलं की कड काचेसारखी होते, कधी कधी दुसऱ्या दिवशी केसासारखी चीर दिसते. कापायचंच तर १५० ते २०० डिग्री प्रीहीट, आणि कापल्यावर राखेत किंवा सिरॅमिक ब्लँकेटखाली सावकाश गार. पण तुमचे ब्लॉक सरळ चौकोनी आहेत, ते बँडसॉवर द्या. कर्फ दीड-दोन मिमी, कड मऊ, मिलिंगला काही त्रास नाही.

माल उचलायला जाल तेव्हा बेस प्लेटची कड उजेडात धरून बघा, कारण ती तशीच राहणार आहे. बारीक उभ्या रेषा असतील तर काम बरोबर. रेषा खालच्या बाजूला मागे वळलेल्या दिसल्या तर टॉर्च घाईनं पळवलाय. वरची कड वितळून गोल झाली असेल तर प्रीहीटची ज्योत जास्त होती किंवा वेग कमी. खालचा स्लॅग (वितळून चिकटलेला मळ) चिपिंग हॅमरच्या एका टोल्यानं पडला पाहिजे. आणि कडेच्या मधोमध आडवी खाच पडलेली दिसली तर ऑपरेटरशी भांडू नका, प्लेटच्या आत लॅमिनेशन (थर सुटलेले) असू शकतं. तो नग बाजूला काढून यूटी (अल्ट्रासॉनिक तपासणी) करून घ्या, त्यावर मशिनिंगचा एक रुपयाही घालायच्या आधी.