आर्क्टिकला स्टडी टूरला चाललेय, बर्फ धरू की तिथली माणसं?

खानापूरची_पोर
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात एमएस्सी करतेय, भूगोल. येत्या ऑगस्टात नॉर्वेची स्टडी टूर आहे, आधी उत्तरेकडचं ट्रॉम्सो शहर, मग स्वालबार्डची बेटं. विषय दिलेत बर्फ, हवामान बदल आणि स्थानिक संस्कृती, त्यातला एक धरून रिपोर्ट करायचा. माझ्या बॅचची सगळी पोरं बर्फाच्या मागं लागलीत. मला माणसं बघायचीत तर सर म्हणतात तू नुसते फोटो काढून येशील, त्यात सायन्स कुठाय. घरात आईचं वेगळंच, तिकडं रस्त्यावर अस्वलं फिरतात म्हणे आणि तू खाणार काय. आज्जी म्हणते जांबोटीच्या पावसात तुला सर्दी होते, तू बर्फात काय दिवे लावणार. कुणाला माहिती असेल तर सांगा की, तिन्ही विषय एकत्र धरता येतात का?

टिळकवाडी_कट्टा
पहिलं काम व्हिसा बघ. स्वालबार्ड नॉर्वेचंच असलं तरी शेंगेनच्या (एकाच व्हिसावर फिरता येतं त्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या) बाहेर धरतात, म्हणजे ओस्लोवरून तिकडं गेलीस की शेंगेनमधून बाहेर पडलीस, आणि परत यायला डबल एन्ट्री लागते. टूरवाल्यांना आत्ताच विचार. तूप, खवा, दुधाचे पदार्थ बॅगेत भरू नको, बाहेरून न्यायला बंदी आहे, त्यामुळं कुंदा राहू दे इथंच, आम्ही संपवतो. आणि आईला सांग, लाँगयिअरबायन गावाच्या बाहेर जायचं तर गाईड बंदूक घेऊनच सोबत असतो.

चोर्ला_घाटी
ताई, सरांचं ऐकू नको, पण एक लक्षात घे, स्वालबार्डला मूळ रहिवासी असे कुणी नाहीतच. तिथं देवमाशांचे शिकारी आले, मग कोळशाच्या खाणी आल्या, आता संशोधक आणि टुरिस्ट. एक पद्धत मात्र खाणीच्या काळातली अजून आहे, हॉटेलात-म्युझियममध्ये शिरताना दारातच बूट काढायचे, पूर्वी कोळशाची काळी पूड घरभर व्हायची म्हणून. आपल्याला त्यात नवल नाही म्हणा.

तुला संस्कृती हवी तर सामी लोक बघ, तिकडचे मूळ रहिवासी, ते नॉर्वेच्या मुख्य भूमीवर, म्हणजे ट्रॉम्सोकडच्या भागात. रेनडिअर पाळतात. आणि तुझे तिन्ही विषय इथंच एकत्र येतात बघ. हिवाळ्यात बर्फाखाली शेवाळासारखं दिसणारं, दगडफुलाच्या जातीचं लायकेन असतं, रेनडिअर खुरानं बर्फ उकरून ते खातात. भुसभुशीत बर्फ असला तर काही अडचण नाही. पण आता ऐन थंडीत मधेच ऊब येते, पाऊस पडतो, आणि परत गारठा पडला की ते पाणी गोठून जमिनीवर कडक थर बसतो. खालचा चारा डोळ्यासमोर असून खाता येत नाही, जनावरं उपाशी मरतात, मग मालकाला विकतचा चारा घालावा लागतो किंवा कळप दुसरीकडं हलवावा लागतो, आणि दुसरीकडं दुसऱ्याचा कळप असतो. हे बर्फाचं सायन्स नाही तर काय आहे?

आर्क्टिक 1979 पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलंय, हा आकडा सगळ्यांच्या रिपोर्टात येणार. पण तो कळपवाल्याच्या कुठल्या रात्री, कुठल्या कुरणात दिसतो ते तुझ्या रिपोर्टात आलं पाहिजे. फक्त ऑगस्टात तुला हा बर्फ दिसणार नाही, कळपही समुद्रकाठाकडं उतरलेले असतात, त्यामुळं हिवाळ्याबद्दल विचारून घ्यावं लागेल. स्वालबार्डचे रेनडिअर वेगळे, रानटी, त्यांच्यावरही हीच पाळी येते, तेव्हा काही किनाऱ्यावरचं समुद्री शेवाळ खाऊन दिवस काढतात.

निपाणीकर_७१
मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आपण विमानानं हजारो किलोमीटर जाऊन बर्फ वितळतोय हे बघून यायचं, वर कार्बनवर लेक्चर. बरं ते सोडा. फोसेनचं प्रकरण वाच पोरी. तिथं सामी लोकांच्या कुरणात पवनचक्क्या उभारल्या, 2021 च्या ऑक्टोबरात नॉर्वेच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की परवाने देताना सामींच्या हक्कांवर गदा आलीय, आणि निकालानंतरही चक्क्या फिरतच राहिल्या. म्हणजे हवामान वाचवायचं म्हणून ज्यांनी हवामान बिघडवलंच नाही त्यांचीच जमीन घ्यायची. तू खानापूरची ना, भीमगड अभयारण्यातल्या गावांना हलवायचा विषय तुला ठाऊक असणार, त्यामुळं हे प्रश्न विचारायला तू सरांपेक्षा बरी.

चोर्ला_घाटी
काका, हे मात्र बरोबर बोललात. आणि भाषेचं पण आहे, शाळेत सामी बोलायला बंदी होती पिढ्यानपिढ्या, नॉर्वेच्या संसदेनं 2024 च्या नोव्हेंबरात माफी मागितली. बेळगावातल्या माणसाला यावर जास्त सांगायला नको.

सडा_वास्को
बर्फवाल्यांच्या बाजूनं मी बोलतो. ग्लेशिअरचा, म्हणजे जमिनीवरच्या हिमनदीचा बर्फ आणि समुद्राचा बर्फ यांत गल्लत करू नको, बरेच जण करतात. समुद्राचा बर्फ म्हणजे खारं पाणी साधारण उणे 1.8 अंशाला गोठलेलं, तो आधीच तरंगत असतो म्हणून वितळला तरी पाण्याची पातळी जवळपास तेवढीच राहते. पण पांढरा बर्फ जाऊन काळं पाणी उघडं पडलं की ऊन परत न फिरता आत मुरतं, म्हणून तापणं आणखी वाढतं. पातळी वाढवतो तो जमिनीवरचा. ग्रीनलंडचा सगळा वितळला तर समुद्र सुमारे 7 मीटर चढेल. आणि कधी ग्लेशिअरचा तुकडा मिळाला तर ग्लासभर पाण्यात टाकून कान लाव, फोडणीतल्या मोहरीसारखं तडतडतं. आत दाबून बसलेली जुनी हवा सुटत असते. ग्रीनलंड-अंटार्क्टिकात अशाच बुडबुड्यांवरून हजारो वर्षांपूर्वीची हवा मोजतात.

जायच्या आधी गोव्याला ये की, चोर्ल्यातून काही लांब नाही. वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, स्वालबार्डमधलं भारताचं हिमाद्री स्टेशन तेच चालवतं, 2008 पासून. न्यू-ऑलेसुंद गावात आहे, 79 अंश उत्तरेला. तिथं फोनचं वायफाय-ब्लूटूथ बंद ठेवायला लावतात, रेडिओ दुर्बिणीला त्रास नको म्हणून. आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर फोन लागला नाही म्हणून घर डोक्यावर घेतील.

खानापूरची_पोर
आईला वाचून दाखवलं, बंदूकवाला गाईड ऐकून ती जास्तच घाबरली. डबल एन्ट्रीचं मेल टाकलंय. आता ठरलं, रेनडिअरचा चारा आणि पावसाचा बर्फ हाच विषय घेते, सरांना फोसेनचं पण सांगते, बघू काय म्हणतात. @सडा_वास्को, ते केंद्र असंच बघायला देतात की कॉलेजचं पत्र लागतं? आणि पावसाळ्यात चोर्ला चालू असतो का, मागं दरड पडली होती.