‘प्रोव्हिन्शियल’ला मराठीत काय म्हणावं?

जॉर्ज एलियटची ‘मिडलमार्च’ (१८७१-७२) ही इंग्रजी कादंबरी वाचते आहे. वाचनगटासाठी दोन पानांचं टिपण लिहायचंय आणि उपशीर्षकावरच अडले: ‘अ स्टडी ऑफ प्रोव्हिन्शियल लाइफ’. ‘प्रांतीय जीवन’ लिहिलं आणि स्वतःच हसले. डोळ्यांसमोर थेट प्रांतसाहेब उभे राहिले, जीपसकट. ‘ग्रामीण जीवन’ चालेल का?

*

ग्रामीण अजिबात नको. आपल्याकडे ग्रामीण कादंबरी म्हटलं की शेत, बैल, दुष्काळ, सावकार. कादंबरीतल्या मिडलमार्च गावात बँक आहे, तापाच्या रोग्यांसाठी नवं इस्पितळ आहे, कारखानदार मेयर आहे, रेल्वेची मोजणी चाललीय. हे खेडं नव्हे.

*

मी महसुलात होतो, म्हणून सुचवतो: कसबा. जुन्या दप्तरात मौजे म्हणजे खेडं आणि कसबे म्हणजे परगण्याचं मुख्य, बाजारपेठेचं गाव. सांगलीजवळ कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज अशी दोन्ही गावं आजही आहेत. अडचण एवढीच की पुणेकराला कसबा म्हटलं की फक्त गणपती आठवतो.

*

कसबा फार आवडला. पण त्यातून गाव केवढं ते कळतं. ‘प्रोव्हिन्शियल’मधून ते कुठून पाहिलंय ते कळतं. इंग्लंडात लंडन सोडून उरलेलं सगळं ‘प्रॉव्हिन्सेस’, मग मँचेस्टर का असेना. फ्रेंचांचंही तेच, पॅरिसबाहेर सगळा ‘प्रोव्हँस’. फ्लोबेरनं ‘मादाम बोव्हारी’ कादंबरीच्या उपशीर्षकात हाच शब्द घातलाय. मुळात रोमनांनी इटलीबाहेर जिंकलेला मुलूख म्हणजे ‘प्रोव्हिन्किया’. राजधानी मनात धरल्याशिवाय या शब्दाला अर्थच नाही.

*

मग मोफसिल! आम्ही वकील मंडळी अजून वापरतो. मूळ अरबी ‘मुफस्सल’, म्हणजे वेगळा केलेला, सुटा. कंपनी सरकारच्या काळात सदर आणि मोफसिल अशी जोडीच होती. सदर अदालत वरची, मोफसिल अदालती जिल्ह्यांतल्या. १८६२मध्ये मुंबईत हायकोर्ट आलं आणि सदर अदालत त्यात विरली, मोफसिल मात्र तोंडात राहिला. मुंबईहून पाहिलं तर नाशिक मोफसिल, सोलापूरही मोफसिल. हवा तोच कोन.

*

गावंढळ का नको? सरळ शब्द आहे.

*

कारण गावंढळ माणूस असतो, आणि तो बोलण्याचालण्यातून ओळखू येतो. रोझामंड व्हिन्सी आठवा. मिसेस लेमनच्या शाळेतली पहिल्या नंबरची मुलगी. त्या शाळेत घोडागाडीत चढावं-उतरावं कसं तेसुद्धा शिकवायचे! तिला गावंढळ कोण म्हणेल? तरीही ती अंतर्बाह्य प्रोव्हिन्शियल आहे. डॉक्टर लिडगेट तिला आवडतो यात तो बाहेरगावचा आणि वरच्या घराण्यातला असण्याचा वाटा मोठा.

*

पॅरिसला शिकून आलेल्या त्याच लिडगेटला गावानं पाण्यात पाहिलं. का, तर तो स्वतः औषधं विकत नाही. किराणावाल्याच्या बायकोला गुलाबी औषधाशिवाय तरतरी येत नाही, आणि हा म्हणतो औषधांचा एवढा उपयोग नसतो. मोफसिल शब्दात हे कुठे येतं? तो कोरडा, कचेरीतला शब्द आहे.

*

ते एका शब्दात येणारच नाही. ते काम मराठीत ‘चारचौघं’ करतात. मिडलमार्चमध्येही तेच. डोरोथियाचा म्हातारा नवरा कॅसॉबन मृत्युपत्रात कलम घालून ठेवतो की आपल्यामागे तिनं त्याच्या तरुण नातलगाशी, लॅडिस्लॉशी, लग्न केलं तर तिला इस्टेट मिळणार नाही. तोवर तिच्या मनात तसं काही आलेलंही नसतं. पण कलमाची बातमी फुटते आणि चारचौघांना वाटतं, काहीतरी असणारच. म्हातारा मेल्यावरही गावाच्या तोंडून बोलतो.

*

वा, हे टिपणात घेते. शीर्षक ‘मोफसिलातली चारचौघं’ कसं वाटतं?

*

चांगलं आहे. फक्त चाळिशीच्या आतल्या कोणाला मोफसिल कळणार नाही, औषधाचं नाव वाटेल.

*

आमच्या गटातले सगळ्यात तरुण सभासद बासष्ट वर्षांचे आहेत. चालेल.